मदत हवी आहे: काकांच्या तबकड्या लॅपटॉपवर घेताना मागे घूंऽऽ आवाज येतोय

नमस्कार मंडळी, मी खानापूरचा. आमचे काका बोटीवर नोकरीला होते. माळ्यावर त्यांची ट्रंक उघडली तर चाळीसेक तबकड्या. मला वाटलं नाट्यसंगीत असणार. निघाल्या इंग्लंडातल्या छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या, रफ ट्रेड, फॅक्टरी वगैरे. दोन्ही कंपन्या १९७८ साली सुरू झालेल्या. आमच्याकडच्या पावसानं कव्हरांना बुरशी धरलीय, पण तबकड्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसल्यावर चकचकीत!

आधी टर्नटेबल सरळ लॅपटॉपच्या माइकला जोडला. पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा आवाज, बास गायबच. मग कळलं की तबकडी कापतानाच खालचे सूर दाबतात, वरचे वाढवतात आणि ते पूर्ववत करायला फोनो प्रीअँप लागतो. तो मागवला. आता गाणं भरदार येतं, पण मागे सतत घूंऽऽ. टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) बोट लावलं की कमी होतं. टर्नटेबलची अर्थिंगची वायर तुटलेली आहे. नवी वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडू की घरच्या अर्थिंगला? शॉक बसायला नको म्हणून विचारतोय.

ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, ४४.१ किलोहर्ट्झ पुरे की ९६ ठेवू? जपायला फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवता फाइल लहान करणारा प्रकार) करणार आहे.

आणि बेळगावात सुई कोण बदलून देतं? एक दुकानदार हसून म्हणाला, "कशाला ओ, मोबाईलवर ऐका की!" पण यातलं एक सिंगल (एक-दोन गाण्यांची छोटी तबकडी) मला मोबाईलवर कुठंच सापडेना. कोल्हापूरला जावं लागलं तरी चालेल.