भावाला वेगळं राहायचंय, सुरुवात कुठून करावी? (स्किझोफ्रेनिया, ठाणे)

सायली_ठाणे
माझा भाऊ ३६ वर्षांचा, स्किझोफ्रेनियाचा शुभार्थी (म्हणजे मानसिक आजार असलेली व्यक्ती). बरीच वर्षं गोळ्यांवर स्थिर आहे, एका प्रेसमध्ये अर्धवेळ बाइंडिंग करतो. आता म्हणतो, "मला माझी स्वतःची खोली हवी." आईनं धास्ती घेतलीय. मामांचं एकच पालुपद, लग्न लावून द्या, सगळं मार्गी लागेल. मला त्याचं म्हणणं रास्त वाटतं. आईच्या मागे त्याला राहायचंच आहे, तर ती असतानाच सवय का नको? गोळ्या, पैसे, कागदपत्रं, कशाचाही अनुभव सांगा. कायमस्वरूपी केंद्रं कृपया सुचवू नका.

माधवी_क
सायलीताई, माझी धाकटी बहीण डोंबिवलीत एकटी राहते, आमच्यापासून चालत पाच मिनिटांवर. घर नंतर शोधा. आधी बघा, भावाच्या गोळ्या काढून कोण देतं? बहुतेक घरांत आईच देते. तिथूनच सुरुवात करा. बहीण दर रविवारी संध्याकाळी आठवड्याचा गोळ्यांचा डबा स्वतः भरायची, सकाळ-रात्र असे खण. मी नुसती शेजारी बसायचे. मग चिठ्ठी घेऊन मेडिकलमधून गोळ्या आणणं, तेही संपायच्या आधी. मग कुकर, लाइटबिल. हे अंगवळणी पडल्यावर खोली घेतली.

तिच्या फ्रीजवर तिच्याच अक्षरात एक कागद चिकटवलाय: "दोन रात्री झोप नाही, तर ताईला फोन. शेजारचे माझ्याबद्दलच बोलतायत असं वाटलं, तर डॉक्टरांना फोन. कुणीच उचलला नाही, तर १४४१६." (ही टेलिमानस हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत.) ही लक्षणं तिनंच सांगितली. तिची तब्येत बिघडायला लागली की आधी झोप उडते, हे आमच्याआधी तिला कळतं.

"गोळी घेतलीस का" असा रोज फोन आम्ही करत नाही. बुधवारी ती जेवायला येते. दुसरी किल्ली कुणाकडे ठेवायची हेही तिनंच ठरवलं. मला वाटतं, एवढा विश्वास नसेल तर वेगळं घर घेऊन उपयोग नाही.

विवेक_नागपूर
कागदपत्रांपुरतं लिहितो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार येतो. सरकारी रुग्णालयात तपासणी करून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. अक्षमता ४० टक्के किंवा जास्त आली तर बरेच लाभ मिळतात, आयकरातली वजावट धरून. नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेचं पालकत्व आणि 'निरामय' विमा यांच्या मागे लागू नका. ते स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहेत. लोक उगाच हेलपाटे घालतात.

मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम १९ : समाजात राहण्याचा हक्क. मामांना दाखवा! कलम १४ नुसार भाऊ साध्या कागदावर सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. आजार बळावल्यावर उपचार कसे हवेत, कसे नकोत, तेही आधी लिहून ठेवता येतं (ॲडव्हान्स डायरेक्टिव्ह). तो स्थिर आहे तोवरच करून घ्या. आईच्या मृत्युपत्राचं वकिलाशी बोला, त्याच्या नावे खासगी ट्रस्ट करता येतो.

रानवारा
एकटंच राहायला हवं असं नाही. 'द बनियन' संस्थेचं 'होम अगेन' बघा. चार-पाच जण साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, मदतनीस सोबत असते. चेन्नईकडे सुरू झालं, रत्नागिरीतही आहे. ते प्रामुख्यानं मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्यांसाठी, पण रचना शिकण्यासारखी आहे. ठाण्यात आयपीएच (मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था) आणि पुण्यात धायरीला 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन), दोन्हीकडे चौकशी करा. शुभंकरांच्या (काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या) सभेला आईंना जरूर न्या. तुमच्यापेक्षा दुसऱ्या आईचं त्या लवकर ऐकतील.

सायली_ठाणे
मनापासून आभार. डबा कालच आणला, भावानं भरलाही. एक राहिलं : घरमालकाला आजाराबद्दल सांगावं का?

माधवी_क
ते भावाला ठरवू दे. आम्ही आधी एजंटला सांगितलं, तर त्यानं फोन उचलणंच बंद केलं. पुढे बहिणीनं मालकाला सांगितलं नाही, खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र स्वतः जाऊन सांगितलं. आता काकूच दुधाची पिशवी दाराशी पडलेली दिसली की बेल वाजवतात. डिपॉझिट तुम्ही भरा हवं तर, पण भाडेकरार त्याच्या नावावर करा. आणि रस्त्याकडेची खोली नको, रात्रीच्या आवाजानं झोप मोडते.