शब्दचर्चा: मॉडेलमधलं जंगल ‘तुटतं’ का?

विचारणा

एका लेखाचा मराठी अनुवाद करतो आहे. उष्ण कटिबंधातली जंगलं गेली तर त्या भागाच्या आणि एकूण पृथ्वीच्या हवामानाचं काय होतं, हे संगणकावर कसं तपासतात, असा विषय आहे. शीर्षक असं झालं आहे: ‘उष्णकटिबंधीय निर्वनीकरणाच्या प्रादेशिक व जागतिक हवामानावरील परिणामांचे प्रतिमानीकरण’. एकही शब्द चुकीचा नाही, तरी वाचणारा दुसऱ्या शब्दालाच थांबेल. ‘जंगलतोड’ लिहू की ‘निर्वनीकरण’? मॉडेलला प्रारूप, प्रतिमान, प्रतिकृती यांतलं काय घ्यावं? आणि एका वाक्याशी अडलो आहे: ‘जंगल तोडल्यामुळे ॲमेझॉनमध्ये पाऊस एक चतुर्थांशाने घटेल, असे भाकीत शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये वर्तवले.’ हे खटकतं, पण नेमकं काय खटकतं ते हाती लागत नाही.

पहिला प्रतिसाद

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करू, कारण खरी गाठ तिथे आहे.

१९९०चा तो अभ्यास जगदीश शुक्ल, कार्लोस नोब्रे आणि पियर्स सेलर्स यांचा. त्यांनी संगणकात पृथ्वीचं वातावरण दोनदा चालवलं: एकदा ॲमेझॉनमध्ये जंगल ठेवून आणि एकदा त्याच जागी निकृष्ट गवत ठेवून. मग दोन्हींतला फरक पाहिला. गवताच्या खेपेला बाष्प कमी निघालं, पाऊस सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरला आणि जमीन १ ते ३ अंशांनी जास्त तापली. अमुक साली सगळं ॲमेझॉन गवताळ होईल, असा त्यांचा दावा नव्हताच. म्हणून ‘भाकीत’ चुकलं आणि ‘घटेल’ही चुकलं.

व्याकरणातला संकेतार्थ आठवा: ‘पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं.’ मॉडेलवरचा असा प्रयोग म्हणजे संकेतार्थी वाक्यच असतं, फक्त ते गणितात लिहिलेलं असतं. तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘ॲमेझॉनमध्ये जंगलाऐवजी गवत असतं, तर पाऊस सुमारे एक चतुर्थांशाने कमी पडला असता, असं त्या मॉडेलमध्ये दिसलं.’ मराठीत हे रूप तयार असताना आपण भविष्यकाळ वापरतो. वाचक मग त्याला अंदाज समजतो, पाऊस तर पडतोच आहे असं म्हणतो, आणि न केलेल्या दाव्याबद्दल शास्त्रज्ञांना खोटं ठरवतो. ही चूक मला फार लागते.

आता ‘जंगलतोड’. तोड ही कृती आहे. तिच्यात करवत आहे, कुऱ्हाड आहे, मागाहून लावलेली आग आहे. मॉडेलमध्ये यातलं काहीच घडत नाही. तिथे नकाशाच्या एका चौकोनातले काही आकडे बदलतात: पृष्ठभाग किती ऊन परतवतो, वाऱ्याला किती अडवतो, मुळं किती खोल आहेत, पानांचं क्षेत्रफळ किती. एका नमुनेदार प्रयोगात तर ५० वर्षांत २ कोटी चौरस किलोमीटर जंगल काढून टाकतात. अशी तोड कोणी करणार म्हणून नव्हे, तर निरनिराळ्या मॉडेल्सची उत्तरं एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून. तेव्हा माणसाच्या कृतीला ‘जंगलतोड’ आणि मॉडेलमधल्या बदलाला ‘जंगल काढून पाहणं’ म्हणा. ‘निर्वनीकरण’ तक्त्याच्या मथळ्यात चालेल, वाक्यात नको. ‘वनऱ्हास’ वेगळा: त्यात जंगल उभं असतं, पण विरळ आणि खंगलेलं.

मॉडेलला मॉडेलच म्हणा. प्रारूप म्हटलं की कच्चा मसुदा डोळ्यांसमोर येतो, प्रतिकृती जागची हलत नाही, आणि प्रतिमान मानदंडाकडे झुकतं.

दुसरा प्रतिसाद

वरच्याशी सहमत. शीर्षक लांब होतं म्हणून ‘उष्ण कटिबंध’ मात्र गाळू नका. जंगल गेल्यावर तापमान वाढतं की घटतं, हेच त्या शब्दावर ठरतं. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशात गडद झाडं गेली की खालचा पांढरा बर्फ उघडा पडतो, ऊन परत जातं आणि तो भाग थंड होतो.

उष्ण कटिबंधातही कुरण जंगलापेक्षा जास्त ऊन परतवतं. ॲमेझॉनमधल्या मोजणीत जंगलासाठी सुमारे १३ टक्के आणि कुरणासाठी सुमारे १८ टक्के आले आहेत. मग कुरण गार का नाही? जमिनीवर चौरस मीटरमागे सरासरी २०० वॅट ऊन धरलं, तर ५ टक्क्यांचा फरक म्हणजे १० वॅट. दुसरीकडे, जंगल रोज चौरस मीटरमागे साधारण ४ लिटर पाणी हवेत सोडतं. तेवढ्या पाण्याची वाफ व्हायला दिवसरात्रीच्या सरासरीने ११० वॅटच्या आसपास उष्णता लागते. कुरणाची मुळं उथळ, कोरड्या ऋतूत त्यांना खोलवरचं पाणी मिळत नाही. बाष्प नुसतं पाव हिश्शाने घटलं तरी २५-३० वॅट मोकळे राहतात, आणि ते जमीन व हवा तापवतात. म्हणून अनुवादात ‘अल्बेडो (म्हणजे ऊन परतवण्याचं प्रमाण) वाढतो, त्यामुळे तापमान वाढतं’ असं कुठे झालं असेल, तर तिथे ‘त्यामुळे’च्या जागी ‘तरीही’ हवं.

तिसरा प्रतिसाद

‘झाडं पाऊस पाडतात’ हेही टाळा. समुद्रावरून आलेलं पाणी जंगल पुन्हा हवेत सोडतं आणि ते पुढे परत पडतं. एनेआस सालाती यांनी १९७० च्या दशकात पावसाच्या पाण्यातल्या ऑक्सिजनचे जड-हलके प्रकार मोजले. अटलांटिककडून आत जाताना पावसातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण झपाट्याने घटत जायला हवं होतं, कारण जड पाणी आधी पडून जातं. पण ते फारच हळू घटत होतं, म्हणजे वाटेत झाडं पाणी हवेला परत देत होती. खोऱ्यातला जवळजवळ अर्धा पाऊस असा परतीचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष. याला ‘आर्द्रतेचे पुनर्चक्रण’ म्हणतात खरं, पण आपल्याकडे ‘पाणी खेळवणं’ हे क्रियापद आहे. जंगल पाणी खेळवतं. हेच बाष्प पुढे अँडीज पर्वताला अडून दक्षिणेकडे वळतं, म्हणून ‘प्रादेशिक’ची हद्द जंगलाच्या काठाशी संपत नाही.

पुन्हा विचारणारा

मनापासून आभार. शीर्षक बदललं: ‘उष्ण कटिबंधात जंगल नसतं तर? हवामानाच्या मॉडेलवर पाहिलेली उत्तरं’. चालेल?

पहिला प्रतिसाद देणारा

चालेल, पण आत तीन रूपं वेगळी ठेवा. सगळं जंगल काढून केलेल्या प्रयोगासाठी ‘नसतं तर’. टॉमस लव्हजॉय आणि नोब्रे यांनी २०१८ मध्ये २० ते २५ टक्के तोडीच्या उंबरठ्याबद्दल लिहिलं (तो ओलांडला तर जंगल स्वतःला सावरू शकणार नाही), तो इशारा आहे. तिथे ‘गेलं तर’. आणि ॲमेझॉनचा जो सुमारे सहावा हिस्सा आधीच तुटला आहे, तिथल्या मोजलेल्या तापमानासाठी ‘गेल्यामुळे’.