पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याच्या) अपिलात मुलीला परत साक्षीला बोलावतात का? जबाबातल्या फरकाचं काय होतं?

भाचीची_मावशी
नाव-गाव लिहीत नाही, समजून घ्या. सेशन कोर्टाने आरोपीला शिक्षा दिली, आता त्याने हायकोर्टात अपील टाकलंय. त्यांचा मुद्दा असा की पोलिसांकडच्या जबाबात भाची "संध्याकाळी" म्हणाली आणि कोर्टात "शाळा सुटल्यावर", शिवाय उलटतपासणीत वार विचारला तर तिला सांगता आला नाही, ती एवढंच म्हणाली की त्या दिवशी शाळेत खिचडी होती. आठ वर्षांची होती हो तेव्हा! मेडिकलमध्ये जखम नाही आली, आम्ही चौथ्या दिवशी पोलिसात गेलो, घरात काय करावं तेच कुणाला सुचत नव्हतं. आता परत तिला उभं करणार का? रात्र रात्र जागी असते ती.

फौजदारी_वकील
ताई, आधी हे ऐका, अपिलात साधारणपणे मुलीला परत बोलावत नाहीत. सगळं पेपरबुकवर चालतं, म्हणजे खालच्या कोर्टात नोंदवलेली साक्ष, पंचनामे, मेडिकल. हायकोर्ट ते सगळं पहिल्यापासून तपासतं, नुसता निकाल वाचून सही करत नाही.

फरकाचं म्हणाल तर कोर्ट बघतं की फरक गाभ्यात आहे की कडेला. कुणी केलं, काय केलं हे पोलिसांकडे, मॅजिस्ट्रेटपुढच्या जबाबात (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६४) आणि कोर्टात सारखं असेल तर वेळ-वाराचा घोळ सहसा केस पाडत नाही. १९८३च्या भरवाडा भोगीनभाई निकालात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलंय की साक्षीदाराची आठवण म्हणजे व्हिडिओ टेप नाही. आणि ती खिचडी मला तर तिच्या बाजूची वाटते, शिकवून पाठवलेलं मूल वार पाठ करून येतं.

जखम नसणं म्हणजे घटना झालीच नाही असं नाही, विशेषतः स्पर्शाच्या कलमात (७-८) जखम कुठून येणार? उशीर का झाला ते मात्र साक्षीत आलंय का बघा.

दुसरी_बाजू
सगळं एकतर्फी नका सांगू. माझ्या ओळखीतल्या एका माणसावर जमिनीच्या भांडणातून अशी केस झाली, शेवटी सुटला पण चार वर्षं आत गेली. पॉक्सोच्या कलम २९ने आरोपीच दोषी धरून चालतात, मग त्याने करायचं काय?

फौजदारी_वकील
त्यांच्यावर बेतलं ते वाईटच, पण २९चं गृहीतक आपोआप लागत नाही. आधी सरकारी पक्षाला पायाभूत गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, त्यात मुलीचं वय आलं. एकट्या मुलीच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, १९९७च्या दत्तू रामराव साखरे निकालात ते आहे, हा आपल्या महाराष्ट्रातलाच खटला, पण तिथेच कोर्टाने साक्ष बारकाईने पारखायलाही सांगितलंय. घरच्यांचं वैर, पढवणं हे सगळं बघितलंच जातं आणि बघायलाच हवं. मावशी, वयाचा पुरावा काय दिलाय? बरीच अपिलं तिथे अडकतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला, नाहीतर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसले तरच हाडांची तपासणी.

आधार_व्यक्ती
मी अशा मुलांसोबत कोर्टात बसते. मावशी, मुलीला वारंवार साक्षीला बोलावू नये हे पॉक्सोच्या कलम ३३ मध्येच लिहिलंय, तिला आजच सांगा. आणि शिक्षा स्थगिती-जामिनाच्या अर्जावर लक्ष ठेवा, सरकारी वकिलांना भेटा, तुमचा स्वतःचा वकीलही देता येतो. पीडित बाजूला जामिनाच्या अर्जाची नोटीस मिळायला हवी हे मुंबई हायकोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. एक विनंती, इथे तारखा, शाळा, केस नंबर काही टाकू नका, तिची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

भाचीची_मावशी
शाळेचा दाखला लावलाय आणि मुख्याध्यापकांनी रजिस्टर घेऊन साक्षही दिली होती. उशिराचं कारण बहिणीच्या साक्षीत आहे, आज परत वाचून काढलं. संध्याकाळी भाचीला सांगितलं की तुला परत जायचं नाहीये बहुतेक, तर तिने दोनदा विचारलं, "नक्की?"