वाचनालयाची वेबसाइट: अपडेट करू का?

प्रश्न (ग्रंथपाल, दारव्हा तालुका): साइट वर्डप्रेसवर (वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर) आहे. अपडेटची सूचना दिसते, पण इथं केव्हाही लाईन जाते. रात्री जेवण झालं की मी शेतीची मासिकं वाचते. बोंडअळीवरचे चांगले लेख अंक-पानासकट साइटवर नोंदवते. शेतकरी तेच पाहून अंक मागतात. त्या नोंदी जायला नको.

उत्तर: ताई, अपडेट सर्व्हरवर होतं, तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. पण आधी बॅकअप (साइटची जादा प्रत) घ्याच, डेटाबेससकट. नोंदी त्या डेटाबेसमध्येच साठवलेल्या असतात. नुसत्या फाइली उतरवून भागत नाही.

उत्तर: न वापरलेले प्लगइन (साइटला जोडलेले जादा प्रोग्राम) काढूनच टाका, बंद ठेवलेल्यातूनही घुसखोरी होते. किरकोळ सुरक्षा-अपडेट वर्डप्रेसच्या २०१३ मधल्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप होतात, मोठं अपडेट मात्र लांबवू नका. अन् ती बोंडअळीच्या लेखांची यादी इकडंही पाठवा, आमच्या पऱ्हाटीवर (कपाशीवर) अळी दिसून राहिली.