एकदाच आलेल्या पैशावर पगारी माणसं नेमावीत का? (न्यू जर्सीच्या शाळा)

झोपाळा:
परवा आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या (इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या) बजेट सुनावणीला गेले होते. (गाव सांगत नाही, निम्मे लोक ओळखतील.) कॅफेटेरियात माइक, प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर लाल आकडे पळवणारं घड्याळ. माझ्या लेकाला वाचायला शिकवणाऱ्या बाईंची जागा जाणार आहे. कॉरिडॉरमधल्या बुटक्या खुर्चीत गुडघे दुमडून त्या त्याच्याशेजारी बसायच्या. पहिलीत 'बी' आणि 'डी'मध्ये अडकलेला पोरगा तिसरीत पुस्तकं फस्त करतोय.

बाई २०२१ च्या सप्टेंबरात लागल्या, कोविडच्या केंद्रीय निधीतून. २०२०-२१ मध्ये तीन हप्त्यांत मिळून देशभरच्या शाळांना सुमारे १९,००० कोटी डॉलर आले. शेवटच्या हप्त्याचे खर्च ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत ठरवायचे, हे पहिल्यापासून कागदावर होतं. तरी आमच्याकडे जागा भरल्या. यंदाचं २०२४-२५ चं वर्ष शिलकीतून ढकललं, आता तीही आटली. अशा पैशातून छप्पर, वायुवीजन, पुस्तकं घ्यावीत. माणसं घ्यायचीच तर मुदत सांगून घ्यावीत.

सडेतोड आबा:
मुलं वर्षभर पडद्यासमोर बसून आलेली, आणि तुम्ही वायुवीजन बसवणार? त्या शेवटच्या हप्त्यातला किमान २० टक्के वाटा बुडालेला अभ्यास भरून काढायलाच वापरायचा होता, कायद्यानेच. ते काम माणसंच करतात. ज्या बाईंमुळे तुमचा लेक वाचायला लागला, त्यांना नेमलं ही चूक?

झोपाळा:
नेमलं ही चूक नाही हो आबा. या जागा कुठल्या पैशावर आहेत हे तीन वर्षांत डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने एकदाही सांगितलं नाही, ते चुकलं. २०२२ मध्येच बसून ठरवायचं ना, मुख्य बजेटात काय ओढायचं आणि काय सोडायचं. आमच्याकडे एका गणिताच्या ॲपची वर्गणी यंदाही भरली. पोरं ते उघडतसुद्धा नाहीत. बाईंना मात्र नारळ!

हिशेबनीस:
ओढायचं कुठून? इथे शाळेचा प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर, काही अपवाद सोडले, मतदारांकडे जावं लागतं. आरोग्य विमा त्याहून भराभर चढतो.
आणि घाईचं कारण वेगळंच आहे. न्यू जर्सीत शिक्षकाला चार वर्षांनी टेन्युअर, म्हणजे सहज काढता न येणारी कायम नोकरी, मिळतं. तुमच्या बाईंची चार वर्षं आता भरत आली. टेन्युअर नसलेल्यांना पुढच्या वर्षी ठेवणार की नाही, हे १५ मेच्या आत कळवावं लागतं. एकदा सप्टेंबर उजाडला की त्यांना काढणं अवघड.

माहेर सातारा:
'मुदत सांगून घ्या' वाचून पोटात गोळा आला. माझी बहीण इकडे महाराष्ट्रात कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर आहे. दरवर्षी नव्याने मुलाखत, मानधन कधी दिवाळी उलटल्यावर. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'तुम्हाला माहीत होतं ना?' मुदत सांगितली की वरचे हात झटकून मोकळे होतात, ताई.

सडेतोड आबा:
बरोबर. आणि वायुवीजनवाल्यांचं काय झालं तेही ऐका. लांबलेल्या कामांची बिलं चुकती करायला काही राज्यांनी मार्च २०२६ पर्यंत मुदतवाढ घेतली होती. या २८ मार्चला (२०२५) शिक्षणमंत्री लिंडा मॅकमहन यांनी पत्र काढून ती एका फटक्यात रद्द केली. तुमच्या सल्ल्याने चालले, तेही अडकले.

झोपाळा:
हे मला ठाऊक नव्हतं. छपराचा मुद्दा मागे घेते. मुदतीचाही, सातारकर, निदान बाईंच्या बाबतीत. पण बोर्डाने दर सहा महिन्यांनी कुठल्या पैशावर किती माणसं आहेत याचा तक्ता लावायला हवा होता, हे सोडणार नाही.

हिशेबनीस:
मग पुढच्या बैठकीत तेच मागा. आणि ॲपच्या वर्गणीचा आकडा आधी लेखी मागवून ठेवा. तीन मिनिटांत भावनेला वेळ कमी पडतो, आकडा लगेच सांगून होतो.

झोपाळा:
अर्ज आजच टाकते. लेक विचारतोय, बाईंना पुस्तक भेट दिलं तर चालेल का?