फडाचं पाणी सरकारविना वाटलं जायचं, पण कुणाच्या जोरावर?

पांझराकाठ:
परवा एकजण म्हणाला, "वर साहेब नसेल तर आपली माणसं चार दिवस एकत्र नांदत नाहीत." मला फड आठवले. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर धुळे-नाशिककडे लहान लहान बंधारे, त्यांतून निघालेले पाट आणि पाटाखालच्या रानाचे तीन-चार भाग, म्हणजे फड. तीनेकशे वर्षं तरी हे चाललं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. यंदा इथे ऊस, तर पुढे दुसऱ्या फडात. पाणी पाटकरी देणार; शेतकऱ्यानं स्वतः दारं धरायचं, म्हणजे पाणी रानात वळवायचंच नाही! राखणीला जागल्या, मोबदला धान्यात.

खरी खुबी वेगळीच. बहुतेकांची पट्टी प्रत्येक फडात असायची. पाणी कमी असलं की पंच एखादा फड कोरडा ठेवत. झळ सगळ्यांनाच, मग भांडणार कोणाशी?

खळ्याबाहेरचा:
जागल्या एका शब्दात उरकलात. माझे पणजोबा रात्र रात्र पाट राखायचे. नावावर गुंठाही नव्हता. पाण्याचा वाटा जमिनीला, माणसाला नाही. सुगीत धान्य मिळायचं ते खळ्याच्या कडेला उभं राहून, आणि पंचांच्या बैठकीत त्यांना कुणी बस म्हटलं नाही. याला सहकार्य म्हणायचं तर म्हणा, पण 'सगळ्यांना' हा शब्द तेवढा मागे घ्या.

निवृत्त_कालवा:
दोघांचंही पटतं, पण 'सरकारविना' म्हणजे 'नियमाविना' नव्हे. फडाला नियम होते, पंच होते, नोकर होते. फक्त शिक्का नव्हता. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच सामायिक साधनांच्या अभ्यासासाठी.
आपल्याकडे २००५ च्या कायद्यानं शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कायद्याचा आधार मिळाला. माझ्या नोकरीत अशा कित्येकींची कागदपत्रं हातांखालून गेली. शिक्के उत्तम. पण पाटाच्या टोकाला ज्याचं शेत, त्याचं सगळं शेत टोकालाच. वरच्याला त्याची झळ लागायचं कारणच नाही.

चुलीजवळून:
सावड, इर्जिक या एकमेकांच्या शेतात राबायच्या जुन्या रीतींचे गोडवे कुणी गायच्या आत विचारते. इर्जिकीला वीस माणसं नांगर घेऊन फुकट येत, त्यांचं जेवण कोण रांधत होतं? तो हिशेब कुठल्या वहीत आहे? सावडही एका बैलवाल्याची दुसऱ्या एका बैलवाल्याशी. बैलच नसेल त्यानं बदल्यात अंग मोडायचं.

पांझराकाठ:
@खळ्याबाहेरचा, 'सगळ्यांना' मागे घेतला. 'जमीनवाल्या सगळ्यांना' असं वाचा. पण म्हणून ते मोडलं ते बरं झालं, असं मी म्हणणार नाही.

खळ्याबाहेरचा:
बरं झालं असं मीही म्हटलेलं नाही. मोडलं कसं, ते सांगा.

पांझराकाठ:
वर धरणं झाली, नदीचा प्रवाह आटला, हे खरंच. पण आमच्या घरापुरतं सांगतो. काकांनी विहीर खोदली, मोटर बसवली आणि उसाच्या फडात कांदा लावला. पंचांनी बोलावलं नाही, शेजारी बोलला नाही; त्याचीही विहीर निम्मी खोदून झाली होती. त्या उन्हाळ्यात पाटाचा गाळ काढायला आमच्या घरातून कुणी गेलं नाही.