ईस्टरला बाख ऐकायचा तर सलग ऐका

कॅम्पातला श्रोता (मूळ धागा)
ईस्टर जवळ आला की "काहीतरी छान क्लासिकल सुचव" असे मेसेज येतात. माझं उत्तर ठरलेलं: बाखचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' (येशूच्या दुःखसहनाची आणि मरणाची गायलेली कथा), गुड फ्रायडेला, आणि सलग. पावणेतीन तास लागतात. सवाईला तासन्‌तास मांडी ठोकून बसणाऱ्या पुणेकरांना ते जड नाही. भाजी चिरताना मागे लावून मात्र हाती काही लागत नाही. त्यात येशू गातो तेव्हा त्याच्या आवाजाभोवती दर वेळी तंतुवाद्यांचा मंद पडदा असतो. वधस्तंभावर "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" म्हणतो तेव्हा तो पडदा नाहीसा होतो. उरतो एकटा आवाज आणि खाली ऑर्गन. आधीचे दोन तास ऐकले नसतील तर काय गेलं ते कळणार कसं?

गुरुवार पेठ
मला हे पटत नाही. उत्तम शुक्रवारी आम्ही बारा ते तीन उपासनेला बसतो. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर प्रवचनं, मधे मराठी गीतं. माझी आजी रेव्हरंड टिळकांची पदं पुस्तक न उघडता म्हणायची आणि शेवटच्या कडव्याला पदराने डोळे टिपायची. तिला जर्मन कशाला हवं होतं?

कॅम्पातला श्रोता
भाषांतर हातात ठेवून ऐका ना. आणि लोकांच्या ओळखीची गीतं बाखनेही घेतली आहेत. त्यातली कोराल म्हणजे त्याच्या लाइपझिगच्या चर्चमधल्या लोकांना पाठ असलेली भक्तिगीतं. एक चाल तर पाच वेळा येते, दर वेळी वेगळ्या पट्टीत. मुळात ती हासलर या जर्मन संगीतकाराच्या १६०१ सालच्या प्रेमगीताची!

गुरुवार पेठ
म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. त्याने त्याच्या लोकांच्या ओठांवरची चाल घेतली. टिळकांनी अभंग-ओवी घेतली. मग आमच्या लोकांनी आधी काय ऐकावं?

आल्टो, दुसरी रांग
तुम्ही दोघंही शुक्रवारीच अडकलात. पॅशन थडग्यापाशी संपतं. शेवटच्या स्वरसंघातसुद्धा वरचा सूर शुद्ध निषादावर रेंगाळतो, मग कुठे षड्जाला येतो. पुनरुत्थान त्यात नाहीच. त्यासाठी हँडेलचा 'मसीहा' लावा, येशूवरची तीन भागांची संगीतरचना. लोक तो नाताळाचा समजतात, पण पहिला प्रयोग डब्लिनला १३ एप्रिल १७४२ रोजी झाला. 'हालेलुया' या प्रसिद्ध समूहगानाला उठून जाऊ नका, तो दुसऱ्या भागाचा शेवट आहे. तिसरा उघडतो "माझा उद्धारक जिवंत आहे" या सोप्रानोच्या (उंच स्त्रीस्वराच्या) गाण्याने. ईस्टर तिथे आहे.

कॅम्पातला श्रोता
रविवारचं मान्य, ताई. पण शुक्रवार न ऐकता थेट तिसरा भाग लावला तर तो आनंद फुकटचा वाटतो. सलगपणावर मी ठाम आहे.

गुरुवार पेठ
भाषांतर पाठवा, संध्याकाळी ऐकेन. पण त्याआधी बारा वाजता आमच्याकडे या, आणि तीनपर्यंत उठायचं नाही.